अंड्याचा भाव, खेळाडूचा भाव

इंग्लंडमध्ये हिवाळ्यातली ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, रात्री अकराला बंद व्हायची, तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असायचे. सिंहगड रस्त्यावर त्या वेळी दुधाच्या गाड्या आणि पेपरवाले सोडले तर फारसं कुणी नसतं. याच रस्त्यावर व्यंकटेश्वरा हाउस आहे. वेंकीज या नावाने घराघरात पोहोचलेल्या कुक्कुटपालन उद्योगाचं हे मुख्यालय. आणि नोव्हेंबर २०१० पासून, सात हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या लँकशायरमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचं नशीबही याच वास्तूत ठरतं आहे.

३१ जानेवारी २०२३ च्या रात्री ब्लॅकबर्नला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन हा मधल्या फळीतला खेळाडू मिळणार होता. दोन्ही क्लब राजी, खेळाडू राजी. पण लागणारे कागद वेळेत लीगच्या कार्यालयात पोहोचले नाहीत आणि नोंदणी फेटाळली गेली. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. मोसम संपला तेव्हा ब्लॅकबर्नचे ६९ गुण होते आणि सहाव्या क्रमांकावरच्या संडरलँडचेही ६९. प्रीमियर लीगमध्ये जाण्यासाठीच्या प्लेऑफची जागा गोलफरकावर हुकली. ओब्रायन खेळला असता तर एखादा गुण जास्त मिळाला असता का, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांच्या मनातून तो प्रश्न गेलेला नाही.

एकदा झालं तर चूक म्हणून सोडून देता येतं. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २०२४ ला, अमेरिकेतल्या ऑरलँडो सिटीचा डंकन मॅग्वायर हा आघाडीचा खेळाडू विमानाने इंग्लंडला आला, वैद्यकीय तपासणी झाली, क्लबने त्याच्या आगमनाची बातमीही दिली. आणि पुन्हा कागदपत्रांतल्या चुकीमुळे लीगने नोंदणी नाकारली. मुलगा परत अमेरिकेला गेला. त्याच दिवशी ब्लॅकबर्नने ॲडम व्हार्टन हा आपला गावचा, आपल्याच अकादमीत वाढलेला विशीच्या आतला खेळाडू क्रिस्टल पॅलेसला १ कोटी ८० लाख पौंडांना विकला होता. आठवडाभराने मॅनेजर योन डाल टोमासन यांनी क्लब सोडला.

मला या सगळ्या प्रकरणाने गेली अनेक वर्षं धरून ठेवलं आहे, त्याचं कारण फुटबॉलपेक्षा वेगळं आहे. त्याचं मूळ अंड्यात आहे.

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात केली. पुढे उद्योगाचा कारभार पुण्यात आला. आधुनिक भारतीय कुक्कुटपालनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम कारखाना उभा करण्याचं नव्हे, भाव ठरवण्याचं आहे. १९८० च्या सुमारास अंड्याचा भाव व्यापारी आणि अडते ठरवत. शेतकरी पिल्लं आणायचा, खाद्य घालायचा, रोगराईशी झुंजायचा, आणि त्याच्या अंड्याला किती मिळणार हे शहरातला अडत्या सांगायचा. भाव उत्पादन खर्चाच्याही खाली गेले, शेड बंद पडू लागल्या. राव यांनी गावोगावच्या पोल्ट्रीवाल्यांना एकत्र केलं, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. तिचं घोषवाक्यच असं होतं की अंडं माझं, तर किंमतही मीच ठरवणार. आजही रोज शहरवार अंड्याचा भाव जाहीर होतो तो या समितीमुळे. समितीची ‘संडे हो या मंडे’ ही जाहिरात सगळ्यांना आठवते, पण त्या जाहिरातीमागे दलालाच्या हातून भाव काढून घेतल्याची लढाई होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

राव १९९६ मध्ये गेले. उद्योगाची धुरा कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश राव व बालाजी राव यांच्याकडे आली. त्यांनीच नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. क्लबच्या कर्जाची जबाबदारी वेगळी. प्रीमियर लीगमधला तो पहिला भारतीय मालकीचा क्लब.

आता विकत काय घेतलं होतं ते पाहू. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी तो एक. एफए कप सहा वेळा जिंकलेला. पण गिरण्या गेल्या तशी गावाची रयाही गेली आणि क्लब दुसऱ्या श्रेणीत रुतून बसला. तेव्हा, १९९१ च्या जानेवारीत, जॅक वॉकर यांनी तो हाती घेतला. वॉकर ब्लॅकबर्नचेच. वडिलांचा पत्र्याचा छोटा धंदा त्यांनी भावाबरोबर वाढवला आणि वॉकरस्टील ही कंपनी ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकली. त्यातला पैसा त्यांनी लहानपणापासून ज्याच्यासाठी ओरडत आले त्या क्लबात ओतला.

पण ओतला म्हणजे कसा, हे महत्त्वाचं आहे. आधी माणूस आणला. मॅनेजर म्हणून लिव्हरपूलला तीनदा विजेतेपद मिळवून देऊन थकलेल्या केनी डॅल्ग्लिश यांना वॉकर यांनी दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात यायला राजी केलं. मग त्यांनी सांगितलेले खेळाडू आणले. १९९२ मध्ये साउथहॅम्प्टनचा ॲलन शिअरर ३६ लाख पौंडांना, १९९४ मध्ये नॉरिचचा ख्रिस सटन ५० लाखांना. दोन्ही वेळी तो ब्रिटिश विक्रम होता. १४ मे १९९५ ला ब्लॅकबर्न लिव्हरपूलकडून हरला, पण मँचेस्टर युनायटेड लंडनमध्ये बरोबरीत अडकला आणि एका गुणाने लीगचं विजेतेपद ब्लॅकबर्नला मिळालं. पुढच्या वर्षी शिअरर न्यूकॅसलला गेला तो दीड कोटी पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाला.

वॉकर यांच्या काळात चुका झाल्या नाहीत असं मुळीच नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टचा रॉय कीन ब्लॅकबर्नला यायला तोंडी तयार झाला होता. शुक्रवार होता, कार्यालय बंद झालेलं, करारनामा हाताशी नव्हता. सोमवारी सही करू असं ठरलं. त्या दोन दिवसांत ॲलेक्स फर्ग्युसन यांचा फोन गेला आणि कीन मँचेस्टर युनायटेडचा झाला. पुढची बारा वर्षं तो त्यांच्या मधल्या फळीचा कणा होता. खेळाडूंच्या बाजारात शनिवार-रविवारचीही किंमत असते, हे ब्लॅकबर्नला तीस वर्षांपूर्वीच शिकायला मिळालं होतं.

वॉकर २००० मध्ये वारले. त्यांच्या विश्वस्त निधीकडे मालकी राहिली आणि हात आखडता झाला. तरी क्लब कसा चालला पाहा. क्लबचे अध्यक्ष जॉन विल्यम्स आणि एकामागून एक आलेले मॅनेजर मिळून हुशारीने खरेदी करत होते. क्रिस साम्बा हा उंचापुरा बचावपटू जर्मनीतून सुमारे ४ लाख पौंडांत आला. रोके सांताक्रूझ बायर्न म्युनिकहून साधारण ३५ लाखांत आणला आणि दोन वर्षांत मँचेस्टर सिटीला त्याच्या जवळजवळ पाचपट किमतीला विकला. आर्सेनलमध्ये न रमलेला डेव्हिड बेंटली स्वस्तात घेऊन टॉटनहॅमला दीड कोटीच्या वर विकला. छोट्या गावाचा क्लब प्रीमियर लीगमध्ये टिकतो तो असा. कुणीतरी रोज सामने पाहत असतं, कुणीतरी रोज फोनवर असतं, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस त्याच इमारतीत बसलेला असतो.

वेंकीजच्या हाती हा क्लब आला तेव्हा ही घडी बसलेली होती. महिन्याभरात ती मोडली.

१३ डिसेंबर २०१० ला मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे धोक्याच्या बाहेर. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले, ज्यांनी तोवर कुठल्याही मोठ्या क्लबचं मुख्य मॅनेजरपद भूषवलेलं नव्हतं. क्लब विकत घेताना मालकांना सल्ला देणाऱ्यांत केंटारो ही क्रीडाहक्कांची कंपनी होती आणि जेरोम अँडरसन हे खेळाडूंचे एजंट होते. खेळाडूंच्या खरेदीत या सल्लागारांचा शब्द चालू लागला. रोनाल्डिनियो येणार, बेकहॅम येणार अशा बातम्या झळकल्या. दोघंही आले नाहीत. १९९७ पासून क्लब चालवणारे जॉन विल्यम्स काही आठवड्यांतच पायउतार झाले. ज्या माणसाला कुठला खेळाडू किती किमतीला परवडतो हे ठाऊक होतं, तोच गेला.

इथे मला थांबावंसं वाटतं. ज्या घराण्याने अंड्याचा भाव अडत्याच्या हातून काढून घेतला, त्याच घराण्याने फुटबॉलच्या बाजारात पाऊल टाकताच खेळाडूचा भाव अडत्याला विचारला. एजंट हा वाईट माणूस असतो असं मला म्हणायचं नाही. त्याचं काम सौदा घडवणं आहे. सौदा झाला तर त्याला पैसे मिळतात, न झाला तर नाही. म्हणूनच सौदा करावा की नाही, हे त्याला विचारायचं नसतं. अंड्याच्या धंद्यात ही गोष्ट राव यांना कुणी शिकवावी लागली नव्हती.

पुढचं सगळं उतरणीचं आहे. २०११ च्या उन्हाळ्यात फिल जोन्स हा अकादमीत वाढलेला गुणी बचावपटू मँचेस्टर युनायटेडला गेला, पुढच्या हिवाळ्यात साम्बा रशियाला. २०११ च्या ऑक्टोबरात संघाला पुण्यात आणून बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला, आणि त्याच सुमारास खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये कोंबडीच्या तंगड्या खात असल्याची जाहिरात निघाली. संघ तळाशी आणि खेळाडू जाहिरातीत, हे गावाला जिव्हारी लागलं. ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून रोव्हर्स प्रीमियर लीगबाहेर पडले. त्या सामन्यात क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी पाठीराख्यांनी मैदानात सोडली होती. सव्वाशेहून जास्त वर्षांच्या क्लबाच्या माणसांना आपलं दुःख सांगायला तोच मार्ग उरला होता.

त्यानंतर मालकांनी हात आखडला असता तर समजलं असतं. तसं झालं नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये हडर्सफील्डचा जॉर्डन ऱ्होड्स ८० लाख पौंडांना आणला, आणि ही खरेदी उत्तमच होती. त्याने ब्लॅकबर्नसाठी लीगमध्ये ८३ गोल केले. पण एकाच मोसमात मॅनेजरपदावर स्टीव्ह कीन, हेनिंग बर्ग, मायकेल ॲपल्टन आणि गॅरी बॉयर अशी रांग लागली. बर्ग ५७ दिवस टिकले. भरपाईचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा आमच्या व्यवस्थापकीय संचालकांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, असं म्हणण्याची वेळ क्लबवर आली. न्यायालयाने साडेबावीस लाख पौंड द्यायला लावले. क्लबात कोण कोणाला काय कबूल करू शकतं, हेच ठरलेलं नव्हतं. दर नव्या मॅनेजरची खेळण्याची पद्धत वेगळी, म्हणून त्याला हवे असलेले खेळाडू वेगळे, आणि आधीच्याने आणलेले लठ्ठ पगारावर बाकावर बसून.

तोटा वाढला तशी लीगच्या आर्थिक नियमांखाली डिसेंबर २०१४ पासून खरेदीवर बंदी आली. ती उठायला वर्ष लागलं. त्याच काळात विक्री सुरू झाली. टॉम केर्नी, रुडी जेस्टेड, ऱ्होड्स, ग्रँट हॅनली, शेन डफी असे कणखर खेळाडू दोन वर्षांत गेले. मे २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला, तोही गोलफरकावर. प्रीमियर लीग जिंकलेला कुठलाही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता.

टोनी मोब्रे या शांत, कामसू मॅनेजरने वर्षभरात त्यांना परत वर आणलं. त्यांच्या काळात बाजारातले काही निर्णय खरोखर चांगले झाले. न्यूकॅसलमध्ये संधी न मिळालेला ॲडम आर्मस्ट्राँग १७-१८ लाख पौंडांत आला, एका मोसमात २८ गोल करून २०२१ मध्ये साउथहॅम्प्टनला दीड कोटीला गेला. पण अकादमीत घडलेला गोलरक्षक डेव्हिड राया २०१९ मध्ये ब्रेंटफर्डला सुमारे ३० लाखांत दिला. आज तो आर्सेनलच्या गोलात उभा असतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र विकून झालं नाही, न विकून झालं. फुटबॉलमध्ये खेळाडूचा करार संपला की तो फुकट जातो. म्हणून शहाणा क्लब करार संपायच्या दोन वर्षं आधी ठरवतो की नवा करार करायचा की विकायचं. भाजीवाल्याला संध्याकाळ व्हायच्या आत माल काढावा लागतो, तसंच हे आहे. ब्लॅकबर्नने २०२२ च्या उन्हाळ्यात कर्णधार डॅरा लेनिहन, जो रॉथवेल आणि रायन न्याम्बे हे तीन नियमित खेळाडू एक पौंडही न घेता जाऊ दिले. पुढच्या वर्षी बेन ब्रेरेटन डियाझ गेला. आईच्या बाजूने चिलीसाठी खेळणाऱ्या या मुलाला त्यांनी ७० लाखांच्या आसपास मोजून आणलं होतं, २०२१-२२ मध्ये त्याने लीगमध्ये २२ गोल केले, आणि तो स्पेनच्या विलारेआलला फुकट गेला. इथे पैसा कमी पडलेला नव्हता. वेळेवर कुणी निर्णय घेतला नाही.

कारण निर्णय पुण्यात होत होता. गेल्या दशकभरात मालक ब्लॅकबर्नच्या इवूड पार्क मैदानावर क्वचितच दिसले. उलट मॅनेजरांनाच पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागल्या. अंतर हाच दोष असं कुणी म्हणेल, तर मला ते पटत नाही. जॅक वॉकर स्वतः जर्सी बेटावर राहत. पण ते सामन्यांना येत, लोकांत बसत, आणि डॅल्ग्लिश यांना काय हवं हे त्यांना थेट ठाऊक असे. आपल्याकडे शहरात राहून गावची शेती वाट्याने देणारे कितीतरी असतात. त्यातले जे पेरणीला आणि खळ्याला हजर असतात, त्यांची शेती तगते. बाकीच्यांना वाटेकरी जे सांगेल ते ऐकावं लागतं.

मालकांच्या बाजूने सांगण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि ते सांगायलाच हवं. त्यांनी क्लबमध्ये आजवर २० कोटी पौंडांहून अधिक पैसा घातला आहे. करोनाच्या काळात मैदानं रिकामी असताना पगार थांबले नाहीत. इवूड पार्क विकलं नाही, अकादमीचा पहिला दर्जा राखला. इंग्लंडमध्ये मालकांनी बुडवलेले क्लब आहेत. २०१९ मध्ये शेजारचा बरी एफसी लीगमधून हाकलला गेला. वेंकीजनी तसं होऊ दिलं नाही. गावातल्या रागाच्या भरात हे विसरलं जातं.

पण पुढे तो पैसाही सरळ जाईनासा झाला. परकीय चलन कायद्याखालच्या सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे २०२३ पासून इंग्लंडला रक्कम पाठवायची तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली आणि हमी ठेवावी लागली. तारीख पुढे गेली की क्लबची तजवीज पुढे जायची. म्हणून खर्च भागवायला खेळाडू विकणं आलं. त्यातही अकादमीचा मुलगा विकणं हिशेबाला सोपं पडतं. १ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू वहीत दर वर्षी २० लाखांनी उतरतो. घरच्या मुलाची मात्र खरेदी किंमत शून्य, म्हणजे आलेला सगळा पैसा नफा. नियमच असे आहेत की गावचं पोर विकणं सगळ्यांत फायद्याचं. व्हार्टन त्याच हिशेबात गेला. चार महिन्यांत तो युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता, आणि मे २०२५ मध्ये क्रिस्टल पॅलेसने एफए कप जिंकला तेव्हा मधल्या फळीत तोच होता. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये २७ गोल करणारा सॅमी स्मॉडिक्सही पाठोपाठ इप्सविचला गेला.

२०२४-२५ मध्ये मॅनेजर जॉन युस्टास यांनी तुटपुंज्या साधनांत संघ पहिल्या सहांत नेऊन ठेवला होता. फेब्रुवारीत ते घसरणीच्या छायेतल्या डर्बीकडे निघून गेले. वर चाललेला संघ सोडून मॅनेजर खाली चाललेल्या संघाकडे जातो, तेव्हा त्याला पुढे काय दिसत होतं ते समजून घ्यावं. ब्लॅकबर्न पुन्हा सातवा आला, या वेळी दोन गुणांनी मागे. त्या उन्हाळ्यात कर्णधार लुईस ट्रॅव्हिससह अर्धा डझनाच्या आसपास अनुभवी खेळाडू गेले.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला गेला, कारण त्या श्रेणीच्या अटींसाठी लागणारा खर्च करायची तयारी नव्हती. किरा वॉल्श, एला टून, जॉर्जिया स्टॅनवे या तिघी ब्लॅकबर्नमध्येच घडल्या. दोन महिन्यांनी, जुलैत, त्या इंग्लंडसाठी युरोपचं विजेतेपद जिंकत होत्या. पुरुष संघाच्या एका बऱ्या खेळाडूच्या पगारात हा संघ राखता आला असता, असं माझं मत आहे. या एका निर्णयाचं समर्थन मला कुठूनही करता येत नाही.

पुणेकर म्हणून मला आणखी एक गोष्ट टोचते. पुणे एफसी बंद झाला, भारत एफसी एका मोसमात संपला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत जाऊन ओरडलेल्या पोरांना क्लब जाणं म्हणजे काय हे चांगलं कळतं. ब्लॅकबर्नचं दुःख आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

२०२५ मध्ये रोव्हर्सला १५० वर्षं झाली आणि पुण्याच्या मालकीला १५. राव कुटुंबाला माझी हात जोडून विनंती आहे. डॉक्टर साहेब अंड्याचा भाव ठरवण्याआधी पोल्ट्रीवाल्यांत जाऊन बसले होते. आपणही येत्या जानेवारीत ब्लॅकबर्नला जा. सामना पाहा, शिव्या पडल्या तर ऐकून घ्या. विंडोच्या शेवटच्या दिवशी क्लबच्या कार्यालयात बसा आणि मुदतीच्या आत कागदावर स्वतः सही करा. ते जमणार नसेल, तर गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सहीचा पूर्ण अधिकार द्या. आणि तेही होणार नसेल, तर घेऊ पाहणारा चांगला माणूस शोधून क्लब त्याच्या हवाली करा.